काळ्या लोकरीच्या कुंडीत काय उगवलं

मॅडम,

कुंड्यांत कोंब आले आहेत. काय आलं ते शेवटी सांगते. "आधी परिस्थिती, मग निरीक्षण, निष्कर्ष सगळ्यात शेवटी. निष्कर्ष आधी कळला की माणूस बघायचं थांबतं," असं तुम्ही आमची जर्नलं तपासताना म्हणायचात. आज हा नियम पाळणं मला फार जड जातंय. इंदापूरहून येताना गाडीत शेजारच्या अनोळखी बाईंना सांगून टाकावंसं वाटत होतं. मी, आणि अनोळखी बाईंना. तुम्हाला खरं वाटलं नसतं.

कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर काही लिहून द्यायला मला सांगितलंय. तुमचं शिक्षण, नोकरी, विद्यार्थी हे दुसरं कोणीतरी नीट लिहील. मला गवताबद्दलच लिहिता येईल. ज्यांना आपलं गवत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करते. तेवढा भाग तुम्ही चाळून सोडून द्या.

दिवाळीची सुट्टी संपली होती आणि मी विभागात प्रात्यक्षिकं घ्यायला नुकतीच लागले होते. तुम्ही स्टाफरूममध्ये केसांतली पिन काढून एक जाड पाकीट उघडलंत. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला राहणाऱ्या एका वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंना तुम्ही कुसळी गवताचं बी पाठवलं होतं. आपल्याकडच्या माळावर मेंढरांच्या लोकरीत अडकतं, तेच. त्याच्या बदल्यात त्यांनी कागदाच्या पुडीत चिमूटभर बी पाठवलं होतं, जिऱ्याचे तुकडे केल्यासारखं.

"हे कुठं उगवतं?" तुम्ही मला विचारलंत.

मी उत्तर दिलं. तुम्हाला ऐकू आलं नाही.

"काय?"

"अंटार्क्टिकात, मॅडम."

"मोठ्यानं बोल की. तिकडं वारा असतो."

सगळी स्टाफरूम हसली आणि माझे कान तापले. पण त्याच दुपारी तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि त्या गवताची सगळी हकिकत सांगितलीत. त्या बर्फाळ खंडावर फुलं येणाऱ्या वनस्पती दोनच, त्यांतली ही एक. पाणी गोठायच्या बेताला आलेलं असतानाही तिच्या पानातले हिरवे कण, म्हणजे हरितलवकं, उजेडातून अन्न करत राहतात. आपल्या उसाचं कोवळं पान पौषातल्या चार गार रात्रींनी पिवळं पडतं. मग हिच्या हरितलवकात असं काय आहे? आणि ते हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएत लिहिलेलं आहे, की पेशीच्या केंद्रकात?

हरितलवकाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. त्याचं नवल मात्र मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं. तुम्ही बोलताना खडू हातात धरून फक्त फिरवत होतात, फळ्यावर काहीच लिहिलं नाहीत. "पानाच्या पेशीत पाहुणे म्हणून आले आणि घरचेच झाले. पण आपला सातबारा वेगळा ठेवलाय त्यांनी."

तुमच्या पीएचडीच्या गाईडांना तुम्ही हा विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, बारामतीत बर्फ फक्त रसवंतीत मिळतो." तुम्ही ही गोष्ट हसून सांगायचात. पण फार वेळा सांगायचात. तुमची नोंदणी संपत आली होती, आणि काही दाखवण्यासारखं हाती आलं तरच ती वाढवून मिळणार होती, हे मला पुढे कळलं.

रसवंतीपेक्षा जास्त थंडी आपल्याला इंदापूरला सापडली. द्राक्षं परदेशी पाठवायला लागल्यापासून तिथे कोल्ड स्टोरेज झालं होतं आणि तिथले सुपरवायझर शिवाजीराव तुमच्या मावशीचे दीर निघाले. त्या दिवशी मी तुमच्यामागे स्वेटर घालून, ट्रे धरून उभी होते.

"शिवाजीराव, एवढं गवत ठिवायचंय तुमच्याकडं."

"गवत? मग म्हसरं कुठं बांधायची, आक्का?"

"चेष्टा न्हाय. बर्फातलं गवत हाय."

"बर्फातलं हाय तर बर्फात ऱ्हाऊ द्यायचं. हितं इंदापुरात आणून त्याचे हाल कशापायी?"

वर्गातली तुमची मराठी इस्त्री केलेली असायची. शिवाजीरावांसमोर ती मांडी घालून बसली. मी घरी मराठी बोलणारी, शाळेत इंग्रजी बोलणारी आणि दोन्हीकडे शक्यतो न बोलणारी मुलगी. एका माणसाला दोन भाषांत इतकं मोकळं राहता येतं हे मी तेव्हा पाहिलं. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात आपल्याला जागा मिळाली. महाबळेश्वरच्या पौषासारखी थंडी, वर दोन ट्यूबलाइट, आणि वीज गेली तरी जनरेटर. शिवाजीराव गवताला 'पावणी' म्हणायला लागले.

वर्षभरात पावणीचा मूठभर झुबका झाला. आपण दर रविवारी जायचो. तुमच्या थर्मासमधला चहा, निमगाव केतकीला गाडी थांबली की शेंगदाणे. मला वाटायचं, याला संशोधन म्हणतात हे कोणी मला आधी का सांगितलं नाही.

मग द्राक्षांचा हंगाम आला. एका रविवारी तुम्ही ट्रेवर वाकलात आणि तशाच राहिलात.

"अनघा, इकडं ये. बोलू नकोस. बघ."

पानांवर पांढरे पट्टे होते. शिरांच्या मधून, लांब, आखल्यासारखे. तुम्ही द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटवर खाली बसलात, आणि तो करकरला तरी उठला नाहीत. हरितलवकाच्या डीएनएत बिघाड झाला की त्याचा हिरवेपणा जातो. एका पेशीत काही हिरवी, काही पांढरी अशी मिसळ होते, आणि त्या पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात तसा पट्टा उमटतो. मला पट्टाच का हे कळेना, तेव्हा तुम्ही त्या बोळात, तोंडातून वाफ काढत समजावलंत.

"आमच्या वडलांच्या, तात्यांच्या कळपात काळी मेंढरं हुती, पांढरी हुती. आता कळप दोघा भावांत वाटला, न बघता, डोळं झाकून. मग त्यांच्या पोरांत वाटला. मग नातवंडांत. असं वाटत वाटत गेलं की कुणाच्या तरी मेंढवाड्यात नुसती पांढरीच उरणार का न्हाय?"

"उरणार."

"तीच ही पांढरी पेशी. तिच्या लेकी सगळ्या पांढऱ्या, एका रांगेत. म्हणून पट्टा."

आणि लगेच बोट उगारून, इस्त्रीच्या मराठीत: "हरितलवक बहुतेक झाडांत आईकडूनच येतं. पण त्यावरून आईच्या मायेच्या कविता करायच्या नाहीत. पराग लहान असतो, त्यात जागा नसते. एवढंच."

तुम्ही इतक्या आनंदात होतात की मला दिसलेलं सांगायला जीभ वळेना. पण बघायला तुम्हीच शिकवलं होतं. ट्रे नेहमीच्या फळीवर नव्हता. खोक्यांच्या थप्पीवर, ट्यूबच्या अगदी जवळ होता. वरचं खोकं ट्रेमधून ठिबकलेल्या पाण्यानं ओलं झालं होतं. बोळात विझलेल्या काडीसारखा वास होता आणि शिवाजीराव सारखे खोकत होते.

गाडी इंदापूरच्या बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "मॅडम, त्या खोक्यांत गंधकाचे कागद आहेत."

द्राक्षांच्या पेटीत बुरशी येऊ नये म्हणून घालतात ते कागद. ओल लागली की त्यांतून वायू सुटतो. त्या वायूनं गवताचं पान करपलं तर शिरांच्या मधूनच करपतं, पांढरं, पट्ट्यापट्ट्यानं.

पुढे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आपली बस एका जागी उभी होती.

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू नकोस म्हणालात."

तुम्ही आधी रागावलात, मग हसलात, आणि मग बारामतीच्या स्टँडपर्यंत आपण भांडलो. पुढच्या खेपेला शिवाजीरावांना विचारलं तर ते बिचारे ओशाळले. "मी म्हणलं पावणी हाय, अंधारात कुठं बसवायची. उजेडाजवळ नेली." एवढ्या पाहुणचारानं आपल्या ध्रुवावरच्या गवताला द्राक्षांच्या गंधकाचा धूर बसला होता. जगात दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत ही चूक झाली नसती, असं तुम्ही म्हणालात, आणि त्यात थोडा अभिमानच होता.

ट्रे फळीवर परत गेला. करपलेली पानं वाळली, नवी हिरवीगार आली. मी जिंकले होते. फक्त एका फुटव्याच्या नव्या पानावर एक पट्टा होता.

"आता?" तुम्ही म्हणालात.

"हे पान तेव्हा पोंग्यात गुंडाळलेलं असेल. आतल्या आत भाजलं असेल."

"मग पुढचं पान येऊ दे."

पुढचं पान आलं. त्यावर केसाएवढी रेघ होती. तुम्हाला ती दिसायची, मला ती भिंगावरचा ओरखडा वाटायची. भिंग पुसून पाहिलं, दुसरं आणलं. त्या रेघेवर आपण किती बोललो. मी, जी घरी भाजी आवडली नाही हेही सांगत नाही, ती तुमच्याशी चढ्या आवाजात बोलत होते आणि हे माझ्या लक्षातही येत नव्हतं. तुमच्या आलं असणार.

शेवटी तुम्ही पिशवीतून तात्यांच्या जुन्या घोंगड्याचा एक काळा धागा काढलात आणि तो त्या फुटव्याच्या बुडाशी बांधलात, मेंढराला खूण करतात तसा. "बी ठरवंल," म्हणालात. या गवताचं फूल धड उघडतसुद्धा नाही, ते स्वतःशीच बी धरतं. धाग्याच्या फुटव्याचं बी एका कुंडीत, बाकीच्या हिरव्या फुटव्यांचं दुसऱ्या कुंडीत. पट्टा गंधकाचा असेल तर दोन्ही कुंड्यांत सगळं हिरवं. पट्टा हरितलवकातला असेल तर धाग्याच्या कुंडीत काही रोपं पांढरी निघतील.

आणि मग पैज लावलीत. तुम्ही हरलात तर तुम्ही पुण्याला जाऊन गाईडांसमोर सांगणार की पट्टा गंधकाचा होता, माझं चुकलं. मी हरले तर मी जाऊन सांगायचं की पट्टा खरा होता.

"मी? मॅडम, मी नाही."

"मग जिंक."

ओंब्या यायला पुढचा हंगाम उजाडला. बी वाळलं, गारव्यात ठेवलं, आणि पेरायची वेळ झाली त्या आठवड्यात तुम्हाला कावीळ झाली. मी दवाखान्यात आले तेव्हा तुमचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. "बघ," तुम्ही म्हणालात, "माझं हरितलवक संपलं."

मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. मनात पुष्कळ होतं. तुमच्यामुळे मला बोलायला एक माणूस मिळालं होतं. पट्टा खरा निघावा असं मला तुमच्याइतकंच वाटत होतं आणि म्हणूनच मी विरुद्ध बाजूनं भांडत होते, कारण कोणीतरी भांडायला हवं होतं. यातलं काहीच मी बोलले नाही. म्हणाले, "बी पेरलंय, मॅडम. दोन्ही कुंड्या एकाच फळीवर आहेत. पाणी सारखंच."

"गंधकाचे कागद?"

"दुसऱ्या खोलीत. कुलपात."

"हां," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटलेत. आपलं शेवटचं बोलणं ते. एका अर्थी ते बरोबरच होतं. पण मला आणखी थोडं हवं होतं.

तुम्ही गेल्यावर मी कोऱ्हाळ्याला तुमच्या घरी आले होते. ओटीवर तात्या बसले होते, घोंगडं पांघरून. मी कोण ते सांगितलं. त्यांनी ओटीवर बसायला जागा करून दिली.

"गवताची पोरगी व्हय तू," ते म्हणाले. "मेंढरं इकली तवा वाटलं, गवताचा पिच्छा सुटला आपल्या घराचा. तर हिनं इंदापुरात गवत लावलं." मग विचारलं, "उगवलं का?"

"अजून नाही."

"बघत ऱ्हा."

मी बघत राहिले. एकटीनं इंदापूरला जायला लागले. शिवाजीराव दार उघडून द्यायचे. मग हिरव्या फुटव्यांच्या कुंडीत कोंब आले, सगळे हिरवे. पुढच्या रविवारी धाग्याच्या कुंडीतही आले. हिरवे.

मी त्या फळीसमोर क्रेटवर बसले. तुमच्याच क्रेटवर.

"काय झालं, ताई?" शिवाजीरावांनी विचारलं.

"मी जिंकले."

"मग त्वांड असं का?"

त्या दिवशी परत येताना मला तुमचा राग आला. तुम्ही हरलात आणि पुण्याला जायला उरलाच नाहीत. पट्टा गंधकाचा होता हे आता कोणी कोणाला सांगायचं?

आणि मॅडम, आज.

परिस्थिती: बोळ, नेहमीची थंडी, दोन्ही ट्यूब चालू, आसपास गंधक नाही. वास घेऊन पाहिला, शिवाजीरावांनाही घ्यायला लावला. हिरव्या फुटव्यांची कुंडी: सगळी रोपं हिरवी.

निरीक्षण: काळ्या धाग्याची कुंडी. मागच्या रविवारच्या हिरव्या कोंबांमध्ये उशिरा आलेला एक कोंब आहे. तो पांढरा आहे. पिवळट नाही, फिकट हिरवा नाही. सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखा पांढरा. त्याच्या बाजूला एक रोप आहे, हिरवं, त्याच्या पानावर बुडापासून शेंड्यापर्यंत पांढरी रेघ आहे. भिंग दोनदा पुसलं. मग भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. शिवाजीरावांना बोलावलं.

"ह्ये आजारी दिसतंय."

"आजारी नाही. पांढरं आहे."

"जगंल का?"

"नाही. बियात आईनं ठेवलेलं अन्न आहे तेवढे दिवस. स्वतःचं अन्न त्याला करता येणार नाही." कविता करायची नाही हे माझ्या लक्षात आहे, मॅडम. एवढंच.

"आन हे रेघंवालं?"

"हे जगेल. बाकीचं हिरवं आहे ना, पुरेल त्याला."

शिवाजीराव गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "मंजी आक्का बरोबर व्हत्या म्हना की."

"होय."

"आन तुमी हारला."

"होय," मी म्हणाले, आणि आनंदानं भिंग त्यांच्या हातात दिलं. हरल्याचा एवढा आनंद असू शकतो हे सांगायला मला तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही, म्हणून हे सगळं.

निष्कर्ष: पट्टा बियातून उतरतो. तो गंधकाचा नव्हता. पहिल्या दिवशीचे बरेचसे पट्टे गंधकाचे होते, त्याबाबतीत मी माझं म्हणणं सोडत नाही. पण त्या करपलेल्या पानांच्या गर्दीत एक पट्टा खरा होता आणि तुम्ही तो ओळखलात. बिघाड हरितलवकाच्या डीएनएतच आहे, हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय. पांढऱ्या रोपाचा डीएनए आणि हिरव्याचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून तपासावे लागतील, आणि ते यंत्र पुण्यात आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढ्यात नाचू नकोस." मी नाचत नाहीये. बसूनच लिहितेय, फक्त अक्षर नेहमीसारखं येत नाही.

पैज मी हरले आहे, तेव्हा पुण्याला मी जाणार. तुम्ही ही पैज अशीच लावली होतीत का, म्हणजे कोणीही जिंकलं तरी एकजण तिथे जाऊन खरं सांगेलच अशी, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. आता विचारून उपयोग नाही. तुमच्या गाईडांना एसटीडी बूथवरून फोन केला. माझं नाव त्यांना दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. विषय सांगितल्यावर ते म्हणाले, या.

पांढरं रोप तोवर टिकेल. उद्या पहिल्या गाडीनं इंदापूरला जाऊन ते घ्यायचं आणि तिथून पुण्याला निघायचं. रोप न्यायला तुमचा चहाचा थर्मास तुमच्या घरून मागून आणलाय, धुऊन पालथा घातलाय. त्यात घालायचा बर्फ मी आपल्या स्टँडासमोरच्या रसवंतीतून घेणार आहे, आणि तो कुठून आणला असं गाईडांनी विचारलं, तर मोठ्यानं सांगणार आहे.

तुमची,
अनघा